निवू दे

हटवारकाका विजेवरच्या स्कूटरवरून परतले की आधी पाणी मागत नसत, चप्पलही काढत नसत. सीट उचलून ते बॅटरीवर हाताची पालथी बाजू ठेवायचे, तापलेल्या लेकराच्या कपाळावर ठेवावी तशी. मग डोळे मिटून म्हणायचे, "तापली हाय. निवू दे." ती निवेपर्यंत चार्जरला हात लावायची कुणाची टाप नव्हती.

स्टील प्लांटच्या वसाहतीत, सेक्टर दोनमध्ये आमचं क्वार्टर त्यांच्या समोरच. काका मूळचे भंडाऱ्याकडचे, सारी नोकरी प्लांटमध्ये भट्टीपुढे काढलेली. संध्याकाळी अंगणात पाणी शिंपडून आम्ही खुर्च्या टाकायचो. प्लांटच्या बाजूचं आभाळ मध्येच लाल व्हायचं, कडुनिंब तांबूस दिसायचा आणि त्या उजेडात काका बॅटरी निवायची वाट पाहत बसलेले असायचे. बोलणं आपोआप हळू व्हायचं. ते अंगण मला अजून स्वप्नात दिसतं.

"निवू दे" हे काकांचं सगळ्या दुखण्यांवरचं औषध. उकळता चहा असो, शेजाऱ्यांचं भांडण असो की काकूंचा राग. एकाच ठिकाणी ते अंगाशी आलं. त्यांचा मुलगा प्रशांत प्लांटची नोकरी नको म्हणून पुण्याला निघाला, विजेवरच्या गाड्यांच्या बॅटऱ्या तापू नयेत यासाठी काम करायला. काका कडाडले, "खेळण्यातल्या गाड्या बनवाले चालला!" पोरगाही बापाचाच, जेवण टाकून उठला तो गेलाच. फोन करा म्हणून काकू विनवायच्या, तर काकांचं ठरलेलं, "डोस्कं तापलं हाय त्याचं. निवू दे." असं निवता निवता वर्षं गेली. काकू दर दिवाळीला त्याच्या वाट्याच्या करंज्या वेगळ्या ठेवायच्या आणि शेवटी आम्हाला द्यायच्या. खरं सांगते, त्या करंज्या आम्ही कधी चवीनं खाल्ल्या नाहीत.

मग या माणसानं विजेवरचीच स्कूटर का घेतली? विचारलं की म्हणायचे, "पेट्रोलचा वास सहन होत नाही मले." जन्मभर भट्टीचा धूर खाल्लेला माणूस! काकू पदराआड हसायच्या.

एका मे महिन्यात उन्हानं कहर केला. बॅटरी काही केल्या निवेना. काकांनी घरच्या रीतीनं उपाय केला. माठाला गुंडाळतात तसं ओलं पोतं तिच्याभोवती गुंडाळलं आणि वर तांब्याभर पाणी ओतलं. स्कूटर तिथेच गप्प झाली. काकांनी पोतं सोडून पिळलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "त्या पोट्ट्याले फोन लाव. बॅटरीचं विचाराचं हाय, बाकी काई नाही."

मी लावला आणि स्पीकर सुरू केला. सगळं ऐकून प्रशांत ओरडलाच, "बाबा, पानी कावून टाकलं? बॅटरी आहे ते, मटका थोडी ना!"

काका अडखळत म्हणाले, "मले वाटलं, जितकी निवल तितकी बरी."

"नाही ना बाबा. लय गारठली तरी ते चार्ज घेत नाही. थंड्या मुलखात तर तिले पहिले कोमट करा लागते, मंग लावा लागते."

आभाळ लाल होऊन विझलं. काकूंनी दाराची चौकट घट्ट धरली होती. काकांचा आवाज कधी नव्हे इतका बारीक झाला.

"मंग तू ये," ते म्हणाले. "आपलं लय गारठलं रे."

आज काका नाहीत. पण प्रशांत आला त्या दिवसाची संध्याकाळ माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. नवी बॅटरी बसवून बापलेक स्कूटरवर चक्कर मारून आले, अंगणात बसले, खूप वेळानं उठले. सीट उचलली आणि दोघांनी एकदमच हाताची पालथी बाजू बॅटरीवर ठेवली. बोटांना बोटं लागली. कुणीच हात काढला नाही.

"निवली का?" काकूंनी दारातून विचारलं.

"कोमट हाय," काका म्हणाले. "लाव बेटा आता."