वरच्या मळ्याचं पाणी

आमच्या ब्रह्मपुरीकडच्या गावात पानमळ्यात शिरायचं तर चप्पल कुंपणाबाहेर ठेवायची, पाय धुवायचे. विटाळ असलेल्या बाईनं फाटकापाशीही यायचं नाही. रोगाचाही नियम होता. मर लागली, म्हणजे वेलीचं बूड काळं पडून पानांनी माना टाकल्या, की आधी खालच्या मळेवाल्याला सांगायचं, वेल मुळासकट जाळायची आणि पाणी आपल्या मळ्याबाहेरून वळवून द्यायचं.

बोडीचं, म्हणजे गावच्या तळ्याचं, पाणी आधी माझ्या मळ्यातून जाई, मग शेजारच्या भाऊंच्या. वडील गेल्यावर मळा पहिल्यांदाच माझ्या हाती आला होता. त्या उन्हाळ्यात कोपऱ्यातली एक वेल ओढली, तर बूड बोटात चुरलं, कुजका वास आला. पाणी वळवलं असतं तर सगळा मळा वाळला असता. मी वेल गवताखाली दडपली आणि गप्प बसलो.

थोड्याच दिवसांत भाऊंच्या, माझ्या बांधालगतच्या वेली पिवळ्या पडल्या. मळ्यात कोण शिरलं याची चौकशी सुरू झाली. भाऊंची सून नवी, वैनगंगेपलीकडची. तिच्या माहेरी पानमळे नव्हते. वासरामागे धावत ती एकदा आत गेली होती. सासूनं विचारलं तेव्हा तिनं सरळ सांगून टाकलं की हो, त्या दिवशी मी बाजूला बसले होते.

अंगणात चार माणसं जमली, त्यात मीही. सुनेच्या विटाळानं वेली गेल्या, या बायकोच्या बोलण्यावर भाऊ भरवसा ठेवायला तयार नव्हते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"तुझ्या मळ्यात त काई नाई ना गा?"

"नाई, भाऊ."

एवढंच. वेली सावरल्या की आणू, असं ठरवून तिला बैलबंडीत बसवून माहेरी धाडलं.

मी मनाशी धरलं की वेली वाचवायच्या, म्हणजे ती परत येईल. मळा मोडून धान करतो असं लोकांना सांगितलं. पानवाल्याच्या पोराले कष्ट नाई झेपत, म्हणून ते हसले. मी पाण्याला बाहेरून वाट काढली, माझ्या वेली उपटून जाळल्या, बांधालगत चर खणला. शेतकी खात्याचा माणूस बाजारात मोरचूद आणि चुन्याचं औषध सांगून गेला होता. ते मडक्यात कालवून मी स्वतः भाऊंच्या वेलींच्या बुडाशी ओतलं. पोटच्या पोरानं केलं नाही ते तू केलंस, असं भाऊ म्हणायचे. मला तिथं उभं राहवत नसे.

मर थांबली. पावसाळ्यात वेलींना कोवळी पानं फुटली. बंडी कधी जुंपतात म्हणून मी रोज त्यांच्या दाराकडे पाहत होतो. एक दिवस सासू शेजारणीला म्हणाली,

"पाह्य, थे गेली अन् वेली तरारल्या."

तेव्हा माझ्या ध्यानात आलं, मी काय करून बसलो ते. वेली मेल्या असत्या तर तिच्यावरचा आळ निदान नुसता आळ राहिला असता. मी त्याला पुरावा दिला होता. तेव्हाही तोंड उघडता आलं असतं. पुढच्या लगनसराईत भाऊंच्या मुलाचं दुसरं लग्न झालं, त्यात मी पंगतीत वाढलं.

यंदा, इतक्या वर्षांनी, भाऊंना सांगितलं. ते पानं खुडत होते. हात थांबला.

"तवा सांगतला असता त तुले मारलो असतो. पण तिले ठेवलो असतो." मग म्हणाले, "मले काऊन सांगून राह्यला? तिले सांग."

ती माहेरी, आपल्या भावाच्या घरी असते. केस पिकलेत. ओसरीवर भात पाखडत होती. मी सगळं सांगितलं, तिनं सूप खाली ठेवलं नाही.

"मी वेली मारल्या नाई, हे मले मालूम होता," ती म्हणाली. "गावाले सांग."

चावडीत उभं राहून बोलणं मला जमलं नाही, म्हणून लिहिलं. नावं घातलेली नाहीत. आमच्या गावाला ती लागणार नाहीत.