बोंबलाच्या गोणींचा स्टुडिओ

आईच्या गळ्याला गाठ झाली होती. डॉक्टर म्हणाले, जिवाला धोका नाही, पण ऑपरेशननंतर आवाज पहिल्यासारखा राहीलच असं लिहून देता येणार नाही. आई लगेच म्हणाली, "लिवून कशाला देता, मला कुटं वाचता येतं!" डॉक्टर हसले, मीही हसलो, आणि बाहेर आल्यावर माझी धाकटी बहीण रडायला लागली. तिचं लग्न ठरलं होतं. तारापूरच्या बाजूला किनाऱ्यावर आमचं गाव, आणि गावात एकाही घरची हळद आईच्या गाण्याशिवाय लागलेली नव्हती. "सगळ्या गावाला गाऊन झालं, आणि माझ्याच वेळेला नाय?" बहीण म्हणाली. मी ताडकन बोलून बसलो, "रडू नको. मी आईचा आवाज टेप करतो. अगदी स्टुडिओत करतात तसा."

बोललो खरा, पण स्टुडिओ होता कुठे? गावच्या बेंजो पार्टीत वरातीला बेंजो वाजवायचो, बोईसरला कारखान्यात कामाला होतो, आणि राहायला चाळीतल्या दोन खोल्या. मागच्या खोलीच्या भिंतीला लागून पत्र्याचे डबे बनवायचं वर्कशॉप. त्याचा प्रेस दिवसभर धाड धाड करायचा. लाइट गेली की प्रेस बंद पडायचा, पण मग बेंजो पार्टीचा उसना आणलेला आवाजाचा मिक्सर आणि टेपही बंद पडायचे. म्हणजे शांतता असली की रेकॉर्डिंग नाही, आणि रेकॉर्डिंग करायचं तर प्रेस आहेच! गावाला जाऊन करावं, तर तिथे वारा माइकमध्ये घोंघावणार आणि आईने तोंड उघडताच अख्खी आळी दारात जमणार. ऑपरेशनला पंधरा दिवस होते. मी ठरवलं, मागची खोलीच अशी बंद करायची की आत मुंगीचाही आवाज येता कामा नये.

आवाज जाड आणि मऊ वस्तूत मुरतो एवढं ऐकून माहीत होतं. खिशात पैसे नव्हते, पण अंगात मस्ती भरपूर. कारखान्यात मशिनी ज्यांतून यायच्या त्या खोक्यांच्या फळ्या मागून आणल्या. कापडाच्या एका गिरणीमागे चिंध्यांचा ढीग पडलेला असायचा, तो सायकलवरून वाहिला. आता चिंध्या भरायच्या कशात? गावाहून चाळीस गोणी आल्या. सुके बोंबील भरून बाजारात जायच्या त्याच त्या गोणी. आईने खाडीवर नेऊन स्वतः खळबळून धुतल्या, दोन दिवस उन्हात घातल्या. एसटीच्या टपावर टाकून आणल्या तेव्हा एकाही उतारूने नाक मुरडलं नाही. मुरडणार कोण, सगळे आमच्याकडचेच.

नाक मुरडलं ते माझ्या बायकोने. ती घाटावरची, साताऱ्याकडची. "अहो, वास येतोय."

"कसला वास?"

"कसला म्हणजे? बोंबलाचा!"

मी एका गोणीत तोंड खुपसून जोरात हुंगलं. शपथेवर सांगतो, उन्हाचा आणि तागाचा वास सोडून मला काही म्हणजे काही आलं नाही. बहिणीने हुंगलं, तिलाही नाही. आईने हुंगलं आणि म्हणाली, "सुनबाई, नाकाला औषध घाल." झालं! तीन विरुद्ध एक. बायको पाय आपटत चहा करायला गेली.

मग काय विचारता! आई आणि बहीण जाळं विणायच्या सुईने गोण्या शिवत होत्या, मी फळ्या ठोकत होतो, आणि खोली रोज वीतभर लहान होत होती. भिंतीला गोणी, दाराला गादी, खिडकीला विटा आणि वर गोणी, कौलांखाली बांबू टाकून त्यावरही गोणी. शेवटच्या दिवशी बायकोला बाहेर उभी करून मी आत ताट बडवलं, बेंबीच्या देठापासून ओरडलो. "काहीच ऐकू येत नाही!" दार उघडून ती म्हणाली. मी खूश. पुन्हा दार लावलं आणि त्या आनंदात माझ्या सासूबाईंच्या स्वयंपाकाबद्दल जे वर्षभर मनात होतं ते मोठ्याने बोलून टाकलं. दार धाडकन उघडलं. पुन्हा लावताना गादी वर सरकून दाराखाली बोटभर फट राहिली होती, हे तेव्हा कळलं. त्या रात्रीचं जेवण मी माझं मी वाढून घेतलं.

फटीत गोधडी कोंबली आणि दुसऱ्या दिवशी, ऑपरेशनच्या आदल्या दिवशी, आई माइकसमोर बसली. पंखा बंद, कारण तो घरघरतो. चौघं आत, वर वैशाखाचं ऊन. "आमी काय चोर हाव का रे, एवढं कोंडून घेतलं?" आई म्हणाली. मी बोट ओठांवर ठेवलं आणि टेपचं बटण दाबलं.

आई गायला लागली. प्रेस नाही, रस्ता नाही, काही नाही. फक्त तिचा आवाज, भरदार, थोडा खरखरीत. बहीण आणि बायको ओळ झेलत होत्या. बहिणीचे डोळे भरून आले होते, आणि बायकोने पदर नाकाला लावला होता. गोण्या गरमीने घामेजल्या होत्या. खरं सांगू? त्या क्षणी पहिल्यांदा मलाही वास आला.

शेवटचं कडवं सुरू झालं आणि खिडकीवरच्या गोणीमागून आवाज आला. म्यांव.

कौलं सरकवून मांजर केव्हाच आत शिरलं होतं. एवढ्या खटपटीने बाहेरचा आवाज बाहेर ठेवला, आणि ओरडणारीलाच आत कोंडून घेतली! ती दुसऱ्यांदा ओरडली तेव्हा आई गाता गाता थांबली आणि वर बघून खणखणीत आवाजात म्हणाली, "अगं मेले, थांब की! माझ्या पोरीला हळद तरी लागू दे, मग देते तुला बोंबील!"

बायकोला हसू फुटलं ते फुटलंच. बहीण जमिनीवर लोळायला लागली. आई हसता हसता खोकली, आणि खोकला थांबेना. पाणी दिलं, पाठ चोळली. पुन्हा गायला बसली तर सूर लागेना. डॉक्टरांनी गळ्याला ताण देऊ नका म्हणून बजावलं होतं. मग मीच माइक बंद केला. मला इतका संताप आला की त्या मांजरामागे मी चप्पल घेऊन स्टेशनपर्यंत धावलो.

आई बरी झाली, पण आवाज गेला. कुजबुजल्यासारखं बोलायची, जवळ बसलं तरच ऐकू यायचं. मी कॅसेटमधला तेवढा शेवट कापायचं ठरवलं होतं. बहिणीने कॅसेट हातातून काढून घेतली. "हात लावायचा नाय," म्हणाली.

हळदीला मांडवात कर्णा लावला. आईच्या मांडीवर हळदीची वाटी. कर्ण्यातून तिचं गाणं सुरू झालं. बायका ओळ झेलू लागल्या, आई नुसते ओठ हलवत होती. मग म्यांव. मग आईची ती आरोळी, गावभर ऐकू जाईल अशी. मांडव हसून हसून लोळला. आईसुद्धा हसत होती, खांदे गदगदत होते, आवाज मात्र नव्हता.

बहिणीच्या तोंडाला हळद, डोळ्यांतून पाणी. तिने मला हाक मारली. "दादा, परत लाव."

"गाणं?"

"गाणं नको रे. आई वरडते ना, तेवढंच लाव."

मी कॅसेट त्या म्यांवपर्यंत मागे फिरवली.