काचेआडचा सोऱ्या

श्रीनिवासकाका युरोपहून परतले, त्या रविवारी मी फोटो बघायला त्यांच्या सिंगापूरमधल्या टॅम्पिनीसच्या फ्लॅटवर गेलो. त्यांची मुलगी ऋचा माझी मॅनेजर. आईबाबांना टूरवर तिनंच पाठवलं होतं. पिंपरीच्या कारखान्यात काका चौतीस वर्षं टूलरूममध्ये होते. चुकीचं लेबल लागलेला एकही भाग आपण गेटबाहेर जाऊ दिला नाही, हे ते पहिल्या भेटीतच सांगतात.

फोटो कमी आणि तक्रारी जास्त निघाल्या. राजवाड्यात भिंतभर चित्रं, पण बसायला एकच बाक, आणि त्यावर दुसरा ग्रुप. यंत्रांच्या संग्रहालयात इंजिनं पुसून चकचकीत केलेली, चालू एकही नाही. तेलाचा वास नसलेल्या यंत्रात बघायचं काय, असा काकांचा सवाल होता.

खरा राग मात्र एका लहान गावातल्या संग्रहालयावर होता. पाय दुखतात म्हणून मालतीकाकू तेव्हा बसमध्येच थांबल्या होत्या. काका एकटेच आत गेले, तर काचेच्या कपाटात आपला पितळी सोऱ्या, चांदणीच्या चकतीसकट. खाली पाटी : होळीत रंग उडवण्याची पिचकारी.

‘‘आट्यांचा दांडा आहे त्याला,’’ काका म्हणाले. ‘‘तो फिरवून रंग बाहेर येईपर्यंत समोरचा माणूस घरी जाऊन आंघोळ करून येईल.’’

तिथल्या रखवालदाराने त्यांना फक्त काचेपासून लांब उभं राहायला सांगितलं. म्हणून घरी आल्यावर काकांनी मेल पाठवली, सोबत मापांसकट ड्रॉइंग.

ऋचा वैतागली होती. ‘‘बाबा, तिथे डॉक्टरेट केलेली माणसं असतात.’’

‘‘असतील. चकली खाल्ली नसेल.’’

पाच आठवडे उत्तर नाही. आम्ही एकाच इमारतीत राहतो; लिफ्टमध्ये भेटले की काका आधी फोन बघत, मग माझ्याकडे. आपलं म्हणणं चूक ठरलं तरी चालेल, पण कुणी तपासून तरी बघावं, एवढंच त्यांना हवं होतं.

सहाव्या आठवड्यात उत्तर आलं. संग्रहालयाच्या बाईंनी नम्रपणे विचारलं होतं, असं उपकरण वापरतानाचा व्हिडिओ मिळेल का?

शनिवारी मी फोन धरून उभा राहिलो. काकांनी भाजणीत पाणी घातलं, घरचा सोऱ्या भरला आणि दांडा फिरवला. बटर पेपरवर इंच इंच तुकडे पडले. दुसऱ्यांदाही तेच. काकांनी चकती काढून मोजली. आटे झिजले असावेत, म्हणाले. हा व्हिडिओ पाठवला असता, तर पिचकारीचीच पाटी कायम राहिली असती.

काकू इतका वेळ दारातून बघत होत्या. शेवटी म्हणाल्या, ‘‘अहो, पीठ मळलंच नाहीत तुम्ही. नुसतं कालवलंत.’’

काका बाजूला झाले. काकूंनी पाण्याचा हात लावत दहा मिनिटं पीठ मळलं, मग दांडा फिरवत तीन वेढे घातले आणि टोक चिमटीने दाबून टाकलं. व्हिडिओत आवाज काकांचा, हात काकूंचे.

गेल्या महिन्यात नव्या पाटीचा फोटो आला : चकल्या पाडण्याचा सोऱ्या. खाली बारीक अक्षरात, माहिती : मालती, सिंगापूर.

काकांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला. मग म्हणाले, ‘‘ड्रॉइंग लावलं नाही त्यांनी. आणि पाटी जरा तिरकी आहे.’’

‘‘मी येईन बघायला,’’ काकू म्हणाल्या, ‘‘पण तिथे बाक आहे का ते आधी विचारा.’’

काका लगेच दुसरी मेल लिहायला बसले.