आप्पा नावेत बसले

तंजावूरच्या कॉलेजात इतिहास शिकवता शिकवता मी जुन्या बंदरांवर पीएच.डी. करायचं ठरवलं, तेव्हा आमच्या नात्यातली सगळी मुलं कॉम्प्युटरच्या क्लासला जात होती. "बंदरं? आपण भाताच्या शेतातली माणसं!" अम्मा म्हणाली. पण शनिवारी मी समुद्रकाठच्या नागपट्टणमच्या बसमध्ये चढले, तर मागोमाग छत्री आणि दहीभाताचा डबा घेऊन माझे वडील, आप्पाही चढले.

मग दर शनिवारी ते येऊ लागले. शिडाची जहाजं कुठे उभी राहायची, माल किनाऱ्यावर कसा यायचा, हे मी म्हाताऱ्या खलाशांना विचारत असे. आप्पा मात्र वाळू संपते तिथल्या झाडाखाली बसून राहत. त्यांचा धाकटा भाऊ तिरुवैयारूला कावेरीत बुडाला होता. त्यानंतर त्यांनी नदीत पायही घातला नव्हता. घरात हे सगळ्यांना ठाऊक होतं, बोलत कुणी नसे.

एकदा एक खलाशी म्हणाला, जहाजं नांगर टाकायची ती जागाच दाखवतो, नावेत बसा. मी पदर खोचला. तेवढ्यात मागून आप्पांचा आवाज आला, "थांब. मीपण येतो."

"तुम्ही नको, आप्पा. मी लगेच परत येते."

"तू तिकडं पाण्यात, आणि मी इकडं बसून काय करू?"

लाटा ओलांडेपर्यंत त्यांनी माझं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगड्या रुतल्या. पुढे त्यांना उलट्या सुरू झाल्या. मी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं, ओल्या पदरानं तोंड पुसलं आणि खलाशाला म्हटलं, "नाव परत फिरवा."

"कशाला?" आप्पा डोळे मिटूनच म्हणाले. "आलोय कशासाठी? विचार त्याला, इथं पाणी किती खोल आहे ते."

मी विचारलं.

किनाऱ्यावर उतरल्यावर ते ओल्या वाळूतच बसले. पायांवरून फेस जात होता. त्याकडे बघत म्हणाले, "तो फार छान गायचा." भावाबद्दल त्यांच्या तोंडून मी ऐकलेलं ते पहिलं वाक्य. मग बसमध्ये, घर येईपर्यंत, ते त्याच्याबद्दलच बोलत होते.

पुढे मला पदवी मिळाली, पुस्तक झालं. एका लग्नात कुणीतरी आप्पांना विचारलं, मुलगी काय करते?

"समुद्राचं सगळं तीच बघते," आप्पा म्हणाले, आणि पानावरची खीर संपवू लागले.