दाजींची पाणी सांगणारी पेटी

आमच्या दाजींना 'ठाऊक नाही' हे शब्द उच्चारता येत नाहीत. रस्ता विचारा, तापावरचा उपाय विचारा, कापसाचा भाव विचारा, पहिलं उत्तर ठरलेलं: "माले ठाऊक शे." मग ते मिशीवरून हात फिरवतात, घसा साफ करतात आणि साफ चुकीचं सांगतात. एकदा विसरवाडीच्या फाट्यावर एका ट्रकवाल्यानं त्यांना साक्रीचा रस्ता विचारला. दाजींनी त्याला गुजरातेत धाडला. तो भांडायला परत आला नाही, म्हणजे रस्ता बरोबरच होता, असं दाजी आजही म्हणतात.

दाजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान. कळसाडीला त्यांची ऊस-कापसाची शेती. मी नंदुरबारला पोरांना इलेक्ट्रॉनिक्स शिकवते, म्हणून ते मला 'प्रोफेसरीनबाई' म्हणतात. त्यात आदर शोधायला जाऊ नये. मला हा माणूस फार आवडतो, हे आत्ताच सांगून टाकते, कारण पुढं वाचताना तसं अजिबात वाटणार नाही.

शेतीत जो वेळ घालवायला हवा तो दाजी मोबाईलवर व्हिडिओ बघण्यात घालवतात. त्यातच कधीतरी त्यांना मायक्रोकंट्रोलरचा नाद लागला. नखाएवढा संगणक, निळ्या बोर्डावर बसवलेला, पार्सलनं घरपोच येणारा. हा प्राणी अतिशय प्रामाणिक असतो. सांगाल तेवढंच करतो. सांगणारे दाजी असले तर त्या बिचाऱ्याचा काय दोष?

पहिलं यंत्र दूध उतू जाण्याआधी ओरडणारं होतं. ते ओरडायचं, नाही असं नाही; पण दूध शेगडीवर सांडून विस्तव विझल्यावर ओरडायचं, आणि असं की आळीतल्या बायका पदर खोचून धावत यायच्या. ताई म्हणाली, "मन्हं दूध गये ते माले दिसस. भोंगा कसाले पाहिजे?" त्यानंतर पाहुणा आला की आपोआप वाजणारी घंटा आली. म्हशीनं शेपूट हलवलं की ती वाजायची आणि खरा पाहुणा दारात उभा राहून कडी वाजवायचा. बिघाडाचं कारण दाजींकडे नेहमी तयार असे. "सेन्सर चायनाना शे," ते म्हणत. चीननं दाजींचं काय घोडं मारलं होतं कोण जाणे, पण कळसाडीतली सगळी पापं त्याच देशाच्या खात्यावर जमा व्हायची.

मग त्यांनी पाणी शोधणारी पेटी केली. नारळ हातावर ठेवून पाणी बघणाऱ्या पाणाड्यांवर दाजींचा भारी राग. "नारळमा काय सायन्स शे?" असं विचारून त्यांनी एका जुन्या रेडिओच्या खोक्यात बोर्ड बसवला, त्याच्या एका पिनला हातभर तांब्याची सळई जोडली, वर आकडे दाखवणारी काच आणि शिट्टी. जमिनीजवळ सळई धरायची, आकडा चढला आणि शिट्टी वाजली की खाली पाणी. कळसाडीतल्या एकूण एक विहिरीवर त्यांनी पेटीची परीक्षा घेतली. प्रत्येक विहिरीवर शिट्टी वाजली. गावानं तोंडात बोटं घातली. माझ्यापर्यंत ही बातमी फोनवर आली तेव्हा मी हसून फोन ठेवला, कारण दाजींच्या यंत्रांना मी दिवाळीच्या फटाक्यांइतकीच किंमत देते.

पण हसण्यावारी नेण्याची सोय राहिली नाही. दाजींच्या उसाला तोडणीसाठी दरवर्षी धडगावकडच्या डोंगरातून टोळी येते. त्यातल्या खेमजीनं ती पेटी पाहिली. त्याच्या पाड्यावर उन्हाळ्यात बायका ओढ्याच्या रेतीत झिरा खणतात आणि वाटीवाटीनं हंडा भरतात. दोन पाड्यांत मिळून पंचायतीचा एकच बोअर मंजूर झाला होता. वरच्या पाड्यावर मारायचा की खालच्या, एवढंच ठरायचं होतं. वरचा पाडा खेमजीचा. तो हात जोडून म्हणाला, "दादा, पेटी लिसन पाडावर चाला." दाजी पेटी छातीशी धरून डोंगर चढले. दिवसभर हिंडले. पेटीनं चकार शब्द काढला नाही. संध्याकाळी त्यांनी सगळ्या पाड्याला निकाल सांगितला: आठे पानी नही, इथं पाणी नाही. पाड्याच्या कारभाऱ्यानं मान हलवली. पाणीच नसेल तर उगाच कशाला, म्हणून खालच्यांनाच बोअर घेऊ द्यावा असं त्या भल्या लोकांनी ठरवलं.

हे सगळं दाजींनी मला ताईच्या ओसरीवर, भाकरीचा तुकडा मोडत, मोठ्या अभिमानानं सांगितलं. "मशीनले दया-माया नही. जे शे ते सांगस."

मी विचारलं, "दाजी, त्या पाड्यावर लाईट आहे?"

"खांब ऊनात. तारा अजून येवाना शेतस."

मी तशीच उठले, पेटी उघडली. सळईची पिन बोर्डावर एकटीच लोंबत होती, सळईखेरीज दुसऱ्या कशालाच बांधलेली नव्हती. पहिल्या महिन्यात माझी पोरं करतात ती चूक. अशी मोकळी पिन आजूबाजूच्या विजेच्या तारांची गुणगुण उचलते आणि आकडे नाचवते. प्रत्येक विहिरीवर मोटर, मोटरीला तार, म्हणून प्रत्येक विहिरीवर शिट्टी. दाजींनी पाणी शोधणारं नव्हे, वीज कंपनीच्या तारा शोधणारं यंत्र केलं होतं. आणि तारा तर मान वर केली की दिसतात.

दाजी मानतात थोडेच! म्हणून दुसऱ्या दिवशी त्यांना आणि ताईला घेऊन तापीकाठच्या प्रकाशा गावी गेले. नदी काठोकाठ भरलेली. नाव करून मधोमध गेलो आणि मी म्हटलं, "धरा सळई." चारी बाजूंना पाणी, पेटी मुकी. नावाडी दाजींकडे बघत होता.

"वाहतं पानी येगळं, जमीनमधलं येगळं," दाजी म्हणाले.

काठावर येऊन मी त्यांना विजेच्या खांबाखाली, दगडगोट्यांच्या कोरड्या ढिगावर उभं केलं. पेटी किंचाळली. मग मी पर्समधून एक रेझिस्टर काढला, तांदळाच्या दाण्यापेक्षा जरा मोठा, आणि मोकळ्या पिनेपासून बोर्डाच्या ग्राउंडपर्यंत, म्हणजे शून्य दाबाच्या टोकापर्यंत, टेकवला. पेटी गप्प. काढला, किंचाळली. टेकवला, गप्प.

दाजींनी स्वतः एकदा रेझिस्टर टेकवून पाहिला. मग हळूच म्हणाले, "म्हणजे पाडावर ती 'नही' बोलनी, ते खरं नही?"

"ती 'नाही' म्हणालीच नाही, दाजी. तिथं पाणी आहे असंही म्हणाली नाही, नाही असंही नाही. मोकळ्या पिनेला काही ठाऊकच नसतं."

चीनचं नाव त्या दिवशी निघालं नाही. ताई घाटाच्या पायरीवर बसून हे बघत होती. ती म्हणाली, "तुम्हीन तठे 'पानी नही' सांगी ऊनात. त्या बाया आते काय करतीन?"

मला वाटलं होतं, दाजी फोन करतील, काहीतरी सारवासारव करतील, सेन्सर नवा बसवतो म्हणतील. बढाईखोर माणूस चूक कबूल करतो म्हणजे काय, तर ती दुसऱ्याच्या पदरात टाकतो, हा माझा आजवरचा अनुभव. दाजी मात्र घरी येऊन जीप सांगून आले. मला म्हणाले, "तू बी चाल, प्रोफेसरीनबाई. एकला गयू तं मी वाटमाईन मांगे फिरी जासू." स्वतःविषयी इतकं खरं वाक्य त्यांनी त्याआधी कधी बोललेलं मला आठवत नाही.

पाड्यावर खेमजीच्या अंगणात माणसं जमली. बायकाही आल्या, कडेला उभ्या राहिल्या. दाजींनी पेटी जमिनीवर ठेवली. मिशीवर हात गेला, पण तसाच खाली आला.

"हाई पेटी पानीले वळखत नही," ते म्हणाले. "लाईटना तारले वळखस. मन्ही चूक शे."

खेमजीनं ते पावरी बोलीत सांगितलं. कुजबुज झाली. कारभाऱ्यानं काहीतरी विचारलं आणि खेमजी वळून म्हणाला, "तो इचारस, मंग आठे पानी शे?"

सगळे दाजींकडे बघत होते. ह्या माणसाला 'शे' म्हणायची केवढी हौस होती, ते मला माहीत होतं. एक शब्द टाकला असता तर तो पुन्हा पाड्याचा देव झाला असता.

दाजींच्या कपाळावर घाम आला. "माले ठाऊक नही," ते म्हणाले.

खेमजीला ते नीट कळलं नसावं. "मंग पानी नही, असं सांगू?"

"नही!" दाजी जवळजवळ ओरडले. "पानी नही असं नको सांगू. माले ठाऊक नही, असं सांग."

खेमजीनं सांगितलं. कारभारी पेटीकडे, मग दाजींकडे बघून काहीतरी म्हणाला. खेमजी हसला. "तो बोलस, कोनलेच ठाऊक नही तं बोअरनी गाडी आठेच येऊ द्या. खोदीसन देखूत."

परतताना घाटात मला दाजींचा इतका अभिमान वाटत होता की टोमणा मारायचंही सुचलं नाही, आणि मला टोमणा सुचू नये म्हणजे काय ते माझ्या विद्यार्थ्यांना विचारा.

बोअरची गाडी अजून खालच्या पाड्यावर आलेली नव्हती, ती वरच्या पाड्यावर गेली. झिऱ्याच्या वरच्या अंगाला पाणी लागलं, हापसा बसला. खेमजीनं यंदा तोडणीला येताना बाटली भरून आणली. ताईनं ते पाणी दाजींना पेल्यात ओतून दिलं. दाजींनी घोट घेतला, मिशी पुसली आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "तठे पानी लागी, हाई माले ठाऊकच व्हतं."

मी पेला त्यांच्या हातातून घेतला आणि उरलेलं पाणी पिऊन टाकलं.