आरोपी क्रमांक सहा हजर

माझे वडील वारल्यानंतर चार वर्षं कोर्टाच्या एकाही तारखेला गैरहजर राहिले नाहीत. हे मला एका गुरुवारी दुपारी अडीच वाजता मोबाइलवर कळलं.

खरं तर मी त्यांना शोधतच नव्हतो. मी शोधत होतो होणाऱ्या व्याह्यांना. रविवारी आमच्या थोरलीला बघायला कळंबचे पाहुणे येणार होते. माणसं चांगली आहेत असं सगळेच सांगत होते, आणि सगळे एकच उत्तर देतात तेव्हा मला कॉपीची शंका येते (मी भूममध्ये अठ्ठावीस वर्षं प्राथमिक शिक्षक आहे). हल्ली कोर्टाचं सगळं फोनवर दिसतं, असं शाळेतल्या एका सरांनी सांगितलं होतं. जिल्हा निवडायचा, कोर्ट निवडायचं, नाव आणि वर्ष टाकायचं, चौकोनातली वाकडीतिकडी अक्षरं ओळखून लिहायची. सकाळची शाळा होती, दुपार मोकळी. मी व्याह्यांचं नाव टाकून वीस वर्षं उपसली. एक नोंद नाही. जमीन आहे, भाऊ आहेत आणि बांधाचं साधं भांडणही नाही, म्हणजे माणसं एक तर संत असणार नाही तर फार पोचलेली.

मग आपलं घराणं कसं धुतल्या तांदळासारखं आहे हे बायकोला दाखवावं म्हणून मी भूमच्या कोर्टात आमचं आडनाव टाकलं. एक नोंद आली. शासन विरुद्ध अकरा जण. त्यातलं सहावं नाव आबांचं, माझ्या वडिलांचं.

ती केस मला आठवत होती. ईटला, आमच्या गावी, एका दुष्काळात टँकरसाठी लोक रस्त्यावर बसले होते. कुणीतरी दगड मारला, सरकारी जीपची काच फुटली. दगड मारणारा पळाला आणि जे पळाले नाहीत त्यांची नावं लिहून घेतली. आबा पळाले नव्हते. त्यांनी मला सांगितलं तेव्हा मी म्हणालो होतो, "मी सरकारी नोकर आहे, मला यात घेऊ नका." त्यांनी घेतलं नाही. पुढं त्या केसचं काय झालं, मी कधी विचारलं नाही.

आता मी प्रत्येक तारखेवर बोट ठेवून वाचत गेलो. आरोपी क्रमांक सहा हजर. आरोपी क्रमांक सहा हजर. वाचता वाचता मी आबांच्या निधनाची तारीख ओलांडली. हजर. वर्षश्राद्धाच्या पुढच्या आठवड्यात, हजर. मी चष्मा पुसला. चार वर्षं हजर, आणि मग शेवटच्या दोन तारखांना गैरहजर. सगळ्यात खाली ओळ होती: आरोपी क्रमांक सहाविरुद्ध अजामीनपात्र वॉरंट काढावे.

बायकोला दाखवलं. तिनं दोनदा वाचलं आणि पदर डोक्यावर घेतला. सासऱ्यांसमोर घ्यायची तसा. खोलीत आम्ही दोघंच होतो.

तसाच उठून कोर्टात गेलो. आवारात एक वकील ओळखीचे होते, त्यांची मुलं माझ्या हाताखालून गेली होती. त्यांना वाटलं नावात घोटाळा असेल. खात्री करायला त्यांनी त्या कोर्टाच्या शिपायाला बोलावून सहा नंबरबद्दल विचारलं.

"म्हातारबुवा ना? लाल पटक्याचे?" शिपाई म्हणाला. "येत होते की. शेवटच्या बाकावर बसायचे. कुणासंगं बोलायचं न्हाईत. पुकारा झाला की हजर म्हणायचे, आन् मान खाली घालायचे."

आबांचा पटका लालच होता. उन्हं मरणाची होती, आणि माझ्या अंगावर काटा आला होता. वकील माझ्याकडं बघत होते. त्यांनी हळूच विचारलं, "गुरुजी, वडील नक्की वारलेत ना?" मी म्हणालो, अग्नी मीच दिला. पण ते म्हणताना मला आठवत होतं की त्या दिवशी धुरानं माझे डोळे मिटलेले होते, आणि क्षणभर माझी मलाच खात्री वाटेना.

वकिलांनी कामाचं सांगितलं. उद्या मृत्यूचा दाखला घेऊन या, अर्ज देऊ, केस उद्याच पुकाऱ्यावर घेऊ, वॉरंट रद्द करून घेऊ. नाही तर पोलीस कधीही घरी येतील. मला रविवार दिसला. समोर पोहे, पाहुणे, मुलगी, आणि दारात हवालदार आबांना न्यायला आलेला.

दाखला आईकडं होता, म्हणून मोटारसायकल काढून ईट गाठलं. आई ओसरीत वाती वळत बसली होती. मी वॉरंटचं काही न बोलता दाखला मागितला. ती पेटी उघडेपर्यंत माझी नजर भिंतीकडं गेली. आबांचा पटका त्यांच्यामागं तिथंच खुंटीला असायचा. खुंटी रिकामी होती.

"आई, पटका कुठाय?"

"तारखेला गेलेत," आई म्हणाली. पेटीतून वरही बघितलं नाही.

मी भिंतीला टेकलो. तिच्याकडून थोडं थोडं काढून घ्यावं लागलं. तारखेच्या दिवशी ती पहाटे पाण्याला जाऊन आली की खुंटीवर पटका नसायचा. संध्याकाळी देवळातून आली की परत असायचा. चार वर्षं असंच. त्या दिवशी ती एक भाकरी जास्त टाकायची.

"पर ह्या खेपंला आलेच न्हाईत," ती म्हणाली. "दोन म्हैने झाले. तू बघून ये बरं."

मी पन्नाशीचा माणूस, मुलांना विज्ञान शिकवणारा. मी दारात जाऊन दोन्ही बाजूंनी रस्ता बघून आलो.

मग डोकं जरा चालायला लागलं. फोन काढून ती नोंद पुन्हा वाचली. ज्या तारखेपासून आबा गैरहजर होते, त्याच तारखेपासून शेजारच्या ओळीत होतं: आरोपी क्रमांक सात आजारी, हजेरीमाफीचा अर्ज मंजूर. क्रमांक सात म्हणजे मन्मथअप्पा, आमच्या गल्लीतले किराणा दुकानदार, आबांचे जन्माचे सोबती. त्या रस्त्यावर आबांच्या शेजारी बसलेले.

अप्पा खाटेवर पडून होते. सून म्हणाली, कोर्टातनं येताना एसटीच्या पायरीवरनं घसरले, खुबा मोडला. कपाळावर विभूतीचे पट्टे, अंगावर चादर, आणि उशाशी घडी घालून ठेवलेला लाल पटका. तो बघून मला हायसं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. उलट आत कुठंतरी तुटलं. एवढा वेळ मला वाटत होतं, आबा भेटतील.

मी विचारायच्या आधीच अप्पांनी सांगून टाकलं. सहाच्या पुकाऱ्याला पटका डोक्याला, मागच्या बाकावर आबा. मग पटका काखेत, पांढरी टोपी डोक्याला, पुढच्या बाकावर ते स्वतः. साहेब बदलले, पोलीस बदलले, पुकारणारा बदलला. म्हाताऱ्यांच्या तोंडाकडं कोण बघतं? पण अकरांत सहाच्या मागून लगेच सात येतो. तेवढ्यात टोपी-पटका करताना एकदा दोन्ही डोक्यावर राहिल्याचं सांगून ते स्वतःच हसले आणि खुबा धरून कळवळले.

मी जरा रागानंच म्हणालो, आबा वारल्याचं कोर्टात सांगायचं होतं, मिटलं असतं. हे केवढं अंगाशी आलं असतं तुमच्या!

अप्पांनी मला खाटेच्या कडेला बसायला खुणावलं.

"वकिलानं सांगितलं व्हतं मला. मेलेल्याची केस बंद हुती. सुटका न्हाय हुत. निर्दोष म्हणून फकस्त जित्याला लिवत्यात. तुझा बाप जाताना एवढंच म्हणला. मन्मथ, म्या दगड मारला न्हाय, हे कागदावर आलं पायजे. म्या म्हणलं, येईल."

खिशातला मृत्यूचा दाखला मला टोचायला लागला. मी वॉरंटचं सांगितलं. अप्पांनी उशाशी हात नेऊन पटका ओढून घेतला. मग म्हणाले, "आता सांगावंच लागंल. पर वकिलाच्या हातानं कागद फेकून येऊ नगंस. सोता उभा ऱ्हा. बापासाठी एकदा तरी कोर्टात उभा ऱ्हा."

पटका त्यांनी माझ्या हातात दिला.

शुक्रवारी मी कोर्टात शेवटच्या बाकावर बसलो. दुसरीकडं जागाच नव्हती. पटका पिशवीत, दाखला हातात. अप्पांच्या दोन वेशांबद्दल वकिलांना मी अवाक्षर बोललो नव्हतो. मनात घोकत होतो: साहेब, मी आरोपीचा मुलगा, आरोपी मयत आहेत. आबा जिथं बसत होते (म्हणजे अप्पा बसत होते, म्हणजे आबाच) तिथलं लाकूड गुळगुळीत झालं होतं. शेजारी थोडी जागा रिकामी होती. इतकी गर्दी होती, पण तिथं कुणी बसत नव्हतं. मी पिशवी उचलून मांडीवर घेतली, त्या जागेवर ठेवली नाही.

पुकारा झाला. आबांचं पूर्ण नाव. त्या मोठ्या खोलीत आबांचं नाव कुणीतरी खणखणीत घेतलं, आणि अठ्ठावीस वर्षं हजेरी घेण्यात घालवलेला मी ताडकन उभा राहिलो.

"हजर!"

सगळं कोर्ट वळलं. पोलिसानं येऊन माझा दंड धरला, कारण सहा नंबरवर वॉरंट होतं. मी घाबरून हातातला कागद वर केला आणि घोकलेलं वाक्य म्हणालो. नेमका त्यातला "मुलगा" गळला. "साहेब, मी आरोपी. मी मयत आहे. हा दाखला."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. वकील धावत आले, त्यांनी समजावून सांगितलं. साहेबांनी दाखला बघितला, मग मला बघितलं, आणि विचारलं, वडिलांना जाऊन चार वर्षं होऊन गेली, मग इतके दिवस हजर कोण होतं?

खोटं बोलायची मला सवय नाही आणि खरं बोलायची सोय नव्हती.

"साहेब," मी म्हणालो, "ते शब्दाचे लई पक्के होते."

साहेबांनी पेन उचललं. नंतर त्यांनी पोलिसांकडून मृत्यूची खात्री मागवली, वॉरंट रद्द केलं, आणि मला बाहेर जायला सांगितलं. वकिलांनी बाहेर येऊन माझ्या पाठीवर थाप मारली आणि यापुढं आपण वेगळा वकील बघावा असं सुचवलं.

येताना पटका खुंटीला लावायला ईटला गेलो. आईनं तो हातात घेऊन हुंगला. मी न राहवून विचारलं, तुला खरंच वाटत होतं का, आबाच जातात म्हणून?

"चार वरसं पटक्याला विभूतीचा वास यायचा," ती म्हणाली. "ह्यांनी जल्मात कधी विभूती लावली न्हाय. मला काय कळत न्हाय व्हय? पर कुणीतरी जात हुतं ना त्यांच्यासाठी?"

कुणीतरी म्हणजे मी नाही, हे ती बोलली नाही.

रविवारी पाहुणे आले. पोहे झाले, मुलगी बघून झाली, मुलाला पसंत पडली, मुलीलाही. होणारे व्याही सावकाश, शांत माणूस. मला बाजूला घेऊन म्हणाले, "गुरुजी, राग मानू नका. सोयरीक करायची म्हणून आम्ही कोर्टाचं फोनवर बघितलं." ते पुढं म्हणाले, "तुमच्या वडलांची केस दिसली. शुक्रवारचं पण वाचलं. 'आरोपी क्रमांक सहा हजर. आरोपी क्रमांक सहा मयत.' एकाच दिवसात दोन्ही. आमच्या आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, मेल्यावरबी तारीख चुकवत न्हाय, त्या घरची पोरगी आणा."

मी हात जोडले. डोळ्यांत पाणी आलं ते लपवत विचारलं, आणि आमच्याबद्दल काही?

"तुमचं नावबी टाकून बघितलं," व्याही म्हणाले. "वीस वर्षं बघितली. कशातच तुम्ही हजर न्हाईत."