घरची गाडी

तात्या मिस्त्री इंजिन लाटण्यानं ऐकायचे. लाटण्याचं एक टोक चालू इंजिनावर, दुसरं कानामागच्या हाडावर, डोळे मिटलेले आणि तोंड किंचित उघडं. त्या वेळी त्यांच्याशी बोललेलं त्यांना चालत नसे. एकदा शिरूरचा एक मोठा माणूस खिडकीतून सारखा "काय झालं, काय झालं" विचारत होता. तात्या डोळे न उघडता म्हणाले, "सायेब, दोघं येकदम बोलू नका. आधी हिचं ऐकतो."

ते लाटणं माझं होतं. निनाद, मीरा, तुम्ही तेव्हा फार लहान होतात. आजोबांची पांढरी डिझेल गाडी उभ्या उभ्या थरथरायला लागली होती. गावातल्या दोन गॅरेजांनी तिला हात लावला नाही. एक तरुण मेकॅनिक स्कॅनरची वायर हातात घेऊन पाच मिनिटं बॉनेटखाली शोधत राहिला आणि म्हणाला, "काका, हिला कॉम्प्युटर जोडायला जागाच नाही. बिघाड कुठं आहे ते मला कोण सांगणार?" मग कुणीतरी दौंडच्या तात्यांचं नाव काढलं. तात्या एसटीनं आले. पांढरी टोपी, खाकी पँट, खांद्यावर कापडी पिशवी आणि पिशवीत मोजके पाने. गाडी सुरू करायला सांगून ते स्वयंपाकघराच्या खिडकीशी आले. "बाई, लाकडाचं कायतरी द्या. लाटणं बी चालंल." मी पोळ्या करत होते. पीठ पुसून लाटणं दिलं. मिनिटभर ऐकून ते म्हणाले, "तिसरं सिलिंडर काम करीत न्हाई. बाकीची तिघं त्याचं वझं वाहत्यात, म्हनून थरथरतीया." तासाभरात गाडी शांत झाली. लाटणं मात्र परत मिळालं नाही. "ह्ये ऱ्हाऊ द्या माझ्याकडं. ह्याच्यातनं आवाज लई साफ येतो."

माझा नियम तुम्हाला ठाऊक आहे. घरातली वस्तू जागेवरून हलली की त्या जागी चिठ्ठी लागते: वस्तू कोणती, कुणाकडे गेली. वस्तू परत आली की चिठ्ठी काढायची. तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं, त्यात इंग्रजी किती मुलांना आलं ते मला माहीत नाही, पण वर्गाच्या कपाटातलं एकही पुस्तक हरवलं नाही. त्या दिवशी स्वयंपाकघरातल्या खिळ्याला मी चिठ्ठी अडकवली: "लाटणं – तात्या मिस्त्री." आजोबा पोट धरून हसले.

वर्कशॉपची कल्पना आजोबांची. न्हावऱ्याच्या रस्त्याला लागून आपला पोल्ट्रीचा शेड रिकामा पडला होता. आजोबांनी तात्यांना विचारलं, इथे येऊन स्वतःचं काम सुरू कराल का? तात्यांनी एकच अट घातली. फक्त जुन्या डिझेल गाड्या, ज्यांच्यात वायरी कमी आणि लोखंड जास्त. लोकांनी त्यांना समजावलं की अशा गाड्या आता किती उरल्यात, चार वर्षांत भंगारात जातील. तात्या म्हणायचे, "वायरीवर चालतो त्यो रेडिओ. इंजिन डिझेल आन् हवेवर चालतं." बोर्डाचा मजकूर त्यांनी सांगितला आणि मी रंगवला: "येथे फक्त जुन्या डिझेल गाड्यांची इंजिने दुरुस्त होतात. कॉम्प्युटरच्या गाड्या आणू नयेत." मी आधी 'कृपया' घालायचं सुचवलं होतं. "नगं बाई. कृपया लिवलं की लोक हमखास आनत्यात."

आणि गाड्या येत गेल्या. पाबळहून, कासुर्डीहून, मांडवगण फराट्याहून. कुणाच्या वडिलांची, कुणाच्या सासऱ्यांनी दिलेली, कुणी नुसतीच हट्टानं ठेवलेली. एका वेळी दोन-तीन इंजिनं उघडलेली असायची आणि तात्या सगळे नटबोल्ट एकाच घमेल्यात टाकायचे. ते पाहून मला राहवेना. मी शेवयांचे आणि औषधांचे रिकामे डबे नेले, प्रत्येकावर गाडीमालकाचं नाव लिहिलं. सुट्या भागांवर पांढऱ्या ऑइल पेंटनं बारीक अक्षरात गावाचं नाव घालायला लागले. आणि घरचा नियम तिथेही लावला: भाग काढला की त्या जागी पुठ्ठ्याची चिठ्ठी, काय काढलं आणि कुठे गेलं. "बाई, तुमी नटाची बी हजेरी घेता," तात्या म्हणाले. पण महिन्याभरात चिठ्ठी बांधल्याशिवाय त्यांना चैन पडेना. तिसरीपर्यंत शिकलेला माणूस, वेड्यावाकड्या अक्षरात, जीभ दातात धरून चिठ्ठ्या लिहायचा.

आपल्या गाडीचं इंजिन उघडलं तेव्हा तुम्ही दिवाळीच्या सुट्टीला आला होतात. बाकीच्यांच्या भागांवर गावाचं नाव. आपल्या गाडीच्या भागांवर काय लिहायचं? मी लिहिलं, "घरची". पंपावर, सिलिंडरांना झाकणाऱ्या हेडवर, डिझेल फवारणाऱ्या चारी नोझलांवर. पंप म्हणजे इंजिनाचा तो भाग, जो डिझेल मोजून मोजून प्रत्येक सिलिंडरला पाठवतो. तात्या त्याला गाडीचं काळीज म्हणत. निघताना निनादनं तात्यांना विचारलं होतं, "मी मोठा झाल्यावर ही गाडी मला द्याल?" तात्या त्याच्यासमोर उकिडवे बसले. "गाडी तुमचीच हाय मालक. मी चालू ठेवतो. तुमी कवा बी या, चावी फिरवा आन् जावा." निनाद, तू हे विसरला नाहीस, हे मला माहीत आहे. दर वेळी फोनवर तू आधी गाडीचं विचारतोस, मग माझ्या गुडघ्याचं.

त्या वर्षांत तात्यांनी मला ऐकायला शिकवलं. आधी त्यांच्या कानाला, मग माझ्या, असं ते लाटणं आळीपाळीनं फिरायचं. ठोका कोणता, खरखर कोणती, नोझल ठिबकतं तेव्हा आवाजात कशी कचकच येते. एकदा त्यांनी मला पाठमोरं बसवून तीन गाड्या एकामागून एक सुरू केल्या. दुसरी आपली, असं मी सांगितलं. तात्यांनी शेडमधल्या सगळ्यांना ऐकवलं, "बाईंचा कान तयार झाला. आता मी मेलो तरी चालंल." शाळेतल्या सगळ्या सत्कारांपेक्षा मला त्या वाक्याचा आनंद जास्त झाला होता. आजही तो नाकारता येत नाही.

आजोबा गेले. गाडी चालवणारं घरात कुणी उरलं नाही. तात्यांनी ती शेडच्या मागच्या कोपऱ्यात लावली, मी जुन्या गाद्यांच्या खोळी जोडून तिला कव्हर शिवलं. दर गुरुवारी सकाळी तात्या ती दहा मिनिटं सुरू करायचे. मी चहा घेऊन शेजारी उभी राहायचे. मग माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि शेडपर्यंतची चढण बंद झाली. मी मागच्या पायरीवर बसायला लागले. मध्ये पत्र्याची भिंत. गुरुवार आला की तात्या हाक द्यायचे, "बाई, ऐका बरं का," आणि इंजिन सुरू व्हायचं. मी डोळे मिटून ऐकायचे. मग तुम्हाला फोन करायचे: गाडी आजही एका चावीत सुरू झाली. असे दीड वर्षाचे गुरुवार.

मागच्या महिन्यात दौंडला एका साखरपुड्याला गेले होते. तिथे मांडवगणचे आबा भेटले, तात्यांचं जुनं गिऱ्हाईक. त्यांची गाडी आपल्यासारखीच पांढरी. "बाई, बघा तर खरं," म्हणत त्यांनी मला मांडवातून बाहेर नेलं आणि हौसेनं बॉनेट उघडलं. "पंप गेल्ता. दोन म्हैने उभी हुती. तात्यांनी कुठनं आनला देव जाने, पर असला पंप आता कुठं बगाया बी मिळत न्हाई."

मी वाकून पाहिलं. पंपावर, बाजूला, काळपट तेलाखाली पांढऱ्या रंगात लिहिलेलं होतं: "घरची". 'घ'ची गाठ मी नेहमी जरा मोठी काढते.

"हे काय लिहिलंय, आबा?" मी विचारलं.

"त्ये व्हय? मी बी इचारलं. तात्या म्हनले, कंपनीचा मार्क हाय."

"कंपनी मराठीत मार्क घालते?"

आबा हसले. "आता घालत असतील बाई. सरकारी नियम असंल."

मी त्यांना काही सांगितलं नाही. जेवणाच्या पंगतीत बसले, ताटात काय होतं ते आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी काठी घेऊन शेडची चढण चढले. तात्या डिझेलनं हात धूत होते. मला पाहून त्यांनी स्टूल पुढे केलं. मी बसले नाही. म्हटलं, "तात्या, आपल्या गाडीचं कव्हर काढा."

त्यांनी का म्हणून विचारलं नाही. हात पुसले, कव्हर काढलं, चार घड्या घालून बाजूला ठेवलं आणि बॉनेट उघडून मागे सरले. आत इंजिन असं नव्हतंच. पंपाच्या जागी पोकळी, हेडच्या जागी चार उघडी भोकं, त्यांच्यावर धूळ जाऊ नये म्हणून स्वच्छ फडकं. आणि जिथे जिथे काही नव्हतं, तिथे तिथे तारेनं बांधलेली पुठ्ठ्याची चिठ्ठी. "पंप – मांडवगन." "नोझल ४ – कासुरडी." "हेड – पाबळ." सगळ्या चिठ्ठ्या नियमाप्रमाणे, त्या वेड्यावाकड्या अक्षरात.

"आबांची गाडी दोन म्हैने उभी हुती," तात्या म्हणाले. "पंप कुठंच मिळंना. भंगारवाल्याकडं बी न्हाई. मला वाटलं, म्हैनाभरात दुसरा घावंल, हिचा हिला परत लावू. त्यो काय घावला न्हाई. मग कासुर्डीचे आले."

"मला का विचारलं नाहीत?"

"तुमी न्हाई म्हनला असता."

"म्हणून तर विचारायचं असतं, तात्या."

त्यांनी एक चिठ्ठी तारेवर सरळ केली. मग जवळजवळ अभिमानानं म्हणाले, "पर येक बी पार्ट चिठ्ठीबिगर गेला न्हाई. तुमी कवा बी कव्हर काढून बघितलं असतं, तर समदं दिसलं असतं."

"आणि दर गुरुवारी मला काय ऐकवत होतात?"

"जी गाडी आत असंल ती," ते म्हणाले. "पहिल्या गुरवारी सांगनार हुतो, बाई. फटीतनं बघितलं तर तुमी पायरीवर डोळं मिटून बसला हुता. तवा जीभ उचलली न्हाई. मग फुडं अवघडच हुत गेलं."

त्यांनी त्या भागांचे पैसे घेतले का, हे मी विचारलं नाही, आणि तुम्हीही विचारू नका. घेतले असतील तर ते त्यांना लखलाभ. पंप गेला याचं दुःख मी पचवलं असतं. त्या पंपावर आज एक गाडी चालते आहे, आणि आजोबांना विचारलं असतं तर त्यांनी तो बहुधा स्वतः काढून दिला असता. पण ज्या माणसानं मला कान दिला, तोच तो कान बहिरा आहे असं धरून चालला. दीड वर्ष मी परक्या गाड्या आपली समजून ऐकल्या. एकदाही मला ओळखू आलं नाही. म्हणजे कान तयार झालाच नव्हता, की मला ऐकायचं होतं तेच मी ऐकत होते? तात्यांनी मला पाठमोरं बसवलं होतं तेव्हा तरी दुसरी गाडी खरंच आपली होती का? आता तेही कुणाला विचारणार?

मी त्यांना शेड रिकामा करायला सांगितलं. ते फक्त "व्हय" म्हणाले. उघडलेली दोन इंजिनं त्यांनी पुरी केली, डबे धुऊन उलटे मांडून ठेवले, आणि शेवटच्या दिवशी पायरीशी येऊन उभे राहिले. "बोर्ड न्हेऊ का, बाई?" मी म्हटलं, न्या. दौंडला रेल्वे फाटकापलीकडे त्यांनी तो लावला आहे असं ऐकलं. कॉम्प्युटरच्या गाड्या आणू नयेत, माझ्या अक्षरात.

मी तुम्हाला इतके गुरुवार जे सांगितलं, ते खरं नव्हतं. मला ते खरं वाटत होतं, पण तुमच्या दृष्टीनं त्यानं काय फरक पडतो? निनाद, चावी माझ्या कपाटात आहे, ती फिरवून काही होणार नाही. चिठ्ठ्या मी काढलेल्या नाहीत. तू आलास की आपण कव्हर काढू, त्या वाचू, आणि तुझी इच्छा असेल तर मांडवगणला जाऊन आबांना ती गाडी सुरू करायला सांगू. मी मात्र तेव्हा आपण ज्या गाडीनं जाऊ तिच्यातच बसून राहीन, खाली उतरणार नाही.

तात्या शेड सोडून गेले त्या संध्याकाळी मागच्या पायरीवर माझं लाटणं ठेवलेलं सापडलं. घासून, धुऊन, वर्तमानपत्रात गुंडाळलेलं. एका टोकाला इंजिनाचा काळा डाग आहे, तो निघालेला नाही. दुसरं टोक त्यांच्या कानानं गुळगुळीत झालं आहे. पोळ्यांना मी बाजारातून दुसरं आणलं. हे खिळ्याला लावलं आहे, जुन्या जागी. वस्तू परत आली की चिठ्ठी काढायची, हा माझाच नियम. खिळ्यावरची ती चिठ्ठी, "लाटणं – तात्या मिस्त्री", मी अजून काढलेली नाही.